नाशिकहून मालवण: सर्टिफाइड डायव्हर्ससाठी अर्ध्या दिवसाची स्कूबा सफर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हंगामात नाशिक, सिन्नर, निफाड, ओझर या भागातून फोन येतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे नीट लिहून ठेवलंय. सगळं वाचायला वेळ नसेल तर परतीच्या प्रवासाचे प्रश्न तरी वाचाच. पाण्यातल्या धोक्यांबद्दल तुम्ही कोर्समध्ये शिकलेले असता. पण घाटमाथ्यावर घर असलेल्या माणसाने समुद्रातून परत कसं यायचं, यावर कोर्समध्ये फार वेळ दिला जात नाही.

अर्ध्या दिवसाची सफर म्हणता आणि तीन दिवस मागता. असं का?

पाण्यावर आपण खरोखर अर्धाच दिवस असतो. शनिवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर जमायचं, दोन डाइव्ह करायच्या आणि दुपारच्या जेवणाआधी परतायचं. पण नाशिक ते मालवण हा रस्ता साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा आहे. वाटेत जेवण, चहा आणि वाहतूक धरली तर अकरा-बारा तास कुठेच जात नाहीत. म्हणून शुक्रवारी सकाळी निघायचं, रात्री मालवणात झोपायचं, शनिवारी सकाळी डाइव्ह करायची, शनिवारची रात्र तिथेच काढायची आणि रविवारी सकाळी परत निघायचं.

शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटे पोहोचू आणि थेट पाण्यात उतरू, असं बरेच जण सुचवतात. आम्ही तसं नेत नाही. रात्रभर गाडीत मान वाकडी करून बसलेला, पाणी कमी प्यायलेला, पोट बिघडलेला माणूस पाण्याखाली चुका करतो. शिवाय थकवा आणि शरीरातलं पाणी कमी असणं या दोन्ही गोष्टी डीकम्प्रेशनच्या त्रासाला, म्हणजे वर आल्यावर शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याला, आमंत्रण देतात. एक रजा वाचवण्यासाठी एवढी जोखीम आम्हाला पटत नाही.

मी अंदमानला आणि मालवणला मिळून तीन वेळा स्कूबा केलंय. मला येता येईल का?

कार्ड आहे का, एवढाच प्रश्न आहे. पर्यटकांसाठी जी डाइव्ह असते, तिच्यात प्रशिक्षक तुमचा सिलिंडर धरून असतो, तोच हवा भरतो-सोडतो, तोच वर-खाली नेतो. अनुभव सुंदर असतो आणि अनेकांना पुढे शिकायची ओढ तिथूनच लागते. पण त्यात तुम्ही स्वतः डाइव्ह केलेली नसते. आमच्या सफरीत प्रत्येकाने स्वतःची बॉयन्सी (पाण्यात तरंगायचा तोल), स्वतःची हवा आणि स्वतःचा बडी (पाण्यातला जोडीदार) सांभाळायचा असतो. पाडी, एसएसआय, नावी, सीमास, बीएसएसी यांपैकी कुठल्याही संस्थेचं ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) किंवा त्यावरचं कार्ड चालतं. कार्ड हरवलं असेल तर संस्थेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर नोंद सापडते, ती दाखवा.

ओपन वॉटर कार्ड आहे, पण चार वर्षांत पाण्यात उतरलेलो नाही.

नाशिककरांची ही सर्वांत मोठी अडचण आहे आणि तिची लाज वाटायचं कारण नाही. समुद्र दूर आहे, नोकरी-शेती आहे. शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर आम्ही आधी इथेच, जलतरण तलावात उजळणी घेतो. मास्कमध्ये पाणी भरून काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र) शोधणं, बडीच्या जादा रेग्युलेटरवर श्वास घेणं आणि एका जागी तरंगत राहणं एवढं त्यात असतं. दीड-दोन तासांत बहुतेकांचं अंग आपोआप आठवू लागतं. ज्यांचं आठवत नाही त्यांना आम्ही दुसऱ्यांदा बोलावतो. तरीही जमलं नाही तर त्या महिन्यात नेत नाही.

एक बारीक गोष्ट. तलावात खाली राहायला तुम्हाला जेवढं शिसं (अंगावरचं वजन) पुरलं तेवढं समुद्रात पुरणार नाही. खाऱ्या पाण्याची घनता गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जास्त असते. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरलं तर समुद्रात दोन-अडीच किलो जादा वजन लागतं. उजळणीचा आकडा लिहून ठेवा आणि मालवणात त्यात भर घाला.

एवढ्या लांब कशाला? गंगापूर धरणात का नाही नेत?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, आणि मनापासून येतो. घरापासून वीस मिनिटांवर एवढं पाणी दिसतं तेव्हा हा विचार येणारच.

पहिलं कारण म्हणजे ते नाशिकचं पिण्याचं पाणी आहे आणि जलाशय पाटबंधारे खात्याच्या ताब्यात आहे. तिथे मनाने उतरायचं नसतं. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. कुठल्याही धरणात विमोचक (पाणी सोडायची तोंडं) असतात, दरवाजे असतात. पाणी सुटतं तेव्हा त्या तोंडाशी जी ओढ तयार होते, तिच्यापुढे फिन्सची, म्हणजे पायातल्या वल्ह्यांची, ताकद काहीच नसते. पृष्ठभागावर मात्र सारं शांत दिसतं. त्यात तळाशी गाळ, बुडालेली झाडं आणि अडकून राहिलेली मासेमारीची जाळी. फिन लागून गाळ उठला की स्वतःचा हात दिसेनासा होतो.

तिसरी बाब उंचीची. गंगापूरचा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. ३०० मीटरच्या वर डाइव्ह केली की ती उंचीवरची डाइव्ह मानली जाते आणि तिचं गणित वेगळं असतं. ते शिकता येतं, त्याचा स्वतंत्र कोर्स आहे. पण अर्ध्या दिवसाच्या सफरीत उरकायची ती गोष्ट नव्हे.

तारखा कशा ठरवता? कधी अष्टमीला असते, कधी नवमीला, पौर्णिमेला कधीच नसते.

बरोबर ओळखलंत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. भरती-ओहोटीतला फरक मोठा, म्हणून पाण्याची ये-जा जोरात, म्हणून तळाची माती उठते आणि समोरचं दिसत नाही. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते. पाणी त्यामानाने स्वस्थ असतं. त्यामुळे आमचं वेळापत्रक ठरवताना पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर बघतो आणि मग सुट्ट्या.

सकाळच का, याचंही उत्तर शाळेच्या भूगोलात आहे. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. किनाऱ्याजवळचं पाणी तेव्हा सपाट असतं. अकरा-बारानंतर जमीन तापली की खारे वारे सुरू होतात, लाट उभी राहते, नाव डोलायला लागते. दुपारी बोटीवर सिलिंडरसकट चढणं हे सकाळपेक्षा कितीतरी अवघड जातं. सफर अर्ध्या दिवसाची आहे ती म्हणूनच. उरलेला अर्धा दिवस वाऱ्याचा.

ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत आम्ही जातो. जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण आमच्याकडे येणाऱ्यांत द्राक्ष बागायतदार बरेच आहेत आणि जानेवारी उजाडला की त्यांना बागेतून मान वर काढता येत नाही. त्यांच्यासाठी नोव्हेंबरची एक आणि एप्रिलच्या शेवटची एक तारीख राखून ठेवतो.

शनिवारची सकाळ कशी जाते?

साडेसहाला किनाऱ्यावर. सामान प्रत्येकाने स्वतः जोडायचं आणि बडीने तपासायचं. आम्ही तिसरी नजर टाकतो. मग डाइव्हची माहिती: कुठे उतरणार, किती खोल, प्रवाह कुठून, हरवलात तर काय करायचं. हरवलात तर एक मिनिट शोधायचं, मग हळूहळू वर यायचं, बस्स. एका गाइडमागे जास्तीत जास्त चार डायव्हर. पाण्यात तीन-चार मीटरपलीकडचं दिसत नसेल तर चाराचे दोन करतो.

पहिली डाइव्ह खोल, पण १८ मीटरच्या आत, कारण ओपन वॉटर कार्डाची मर्यादा तेवढी आहे. तुमच्या गटात सगळे ॲडव्हान्स्ड असले तरी मालवणच्या या जागांवर त्याहून खोल जाण्यात फारसं हशील नसतं; जे पाहण्यासारखं आहे ते वरच आहे. मग किमान एक तास बोटीवर विश्रांती, पाणी, केळी. दुसरी डाइव्ह दहा-बारा मीटरची. दोन्ही वेळा ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं आणि वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवायचा. शेवटचे ५ मीटर तर त्याहून सावकाश. दाबातला सर्वांत मोठा बदल त्याच पट्ट्यात होतो, आणि नेमकं तिथेच सगळ्यांना घाई होते.

बोट कुठे न्यायची आणि न्यायची की नाही, हे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ठरवतो. त्याने पाण्याकडे बघून मान हलवली तर आम्ही वाद घालत नाही. समुद्र फारच मवाळ असेल तर निवतीच्या खडकांकडे जातो. नसेल तर मालवणच्या जवळच्या खडकांवर.

सिलिंडर किती वेळ पुरतो?

११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात सुमारे २,२०० लिटर हवा असते. त्यातले ५० बार, म्हणजे ५५० लिटर, आपण पृष्ठभागावर परत आणायचे. उरले १,६५०. शांत डायव्हरला पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागतात असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. हवा पुरेल चाळीसेक मिनिटं. १५ मीटरवर अडीचपट दाब, ५० लिटर, म्हणजे ३३ मिनिटं. घाबरून, जोरजोरात पाय मारून पोहणारा माणूस हाच सिलिंडर वीस मिनिटांत संपवतो. १०० बारला आम्हाला खूण करा. ज्याची हवा आधी संपत येईल त्याच्यासोबत त्याचा बडीही वर येतो. त्याबद्दल कुणी कुरकुर करायची नाही, हा आमच्या बोटीवरचा नियम आहे.

पाण्याखाली काय दिसतं? अंदमानसारखं असतं का?

नाही, आणि अंदमानची अपेक्षा घेऊन आलात तर मालवण तुम्हाला दिसणारच नाही. इथे पाणी निळं कमी आणि हिरवं जास्त असतं. बऱ्या दिवशी सात-आठ मीटर दिसतं, वाईट दिवशी तीन. गड आणि कर्ली या नद्या इथेच समुद्राला मिळतात, किनारा उथळ आहे, आणि पाण्यात सूक्ष्म जीवांची दाटी असते. हीच दाटी खाऊन इथले मासे वाढतात. म्हणजे जे आपली नजर अडवतं तेच या समुद्राचं अन्न आहे.

इथे जवळून बघायला शिकावं लागतं. खडकाच्या कपारीत शेवंडीच्या मिशा हलताना दिसतात. वाम तोंड उघडमीट करत बसलेली असते. ती धमकावत नसते, श्वास घेत असते. गोबरा आपल्याला बराच वेळ न्याहाळतो आणि मग गर्रकन वळून बिळात जातो. पोपट मासे खडक खरवडतात तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. वाळूत पाकट अंग झाकून पडलेला असतो, म्हणून तळावर उभं राहायचं नाही, गुडघेही टेकायचे नाहीत. लायनफिश दिसला तर लांबूनच पाहा. त्याच्या काट्यात विष असतं आणि त्यावरचा प्रथमोपचार म्हणजे सोसेल तेवढ्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवणं. बोटीवरचा मोठा थर्मास त्यासाठी भरलेला असतो, कृपया त्यातून चहा करू नका.

प्रवाळाला हात लावला तर चालेल का? हातमोजे घालीन.

नाही, आणि हातमोजे घातले की लोक जास्तच धरतात, म्हणून आमच्या बोटीवर हातमोजे नाहीत.

मालवणचा हा भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि गाभा ३.१८ चौरस किलोमीटरचा. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांना वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. तुटलेला वाळका तुकडा पिशवीत टाकून आणणं हाही गुन्हा आहे.

पण कायद्याच्या पलीकडचं सांगतो. बहुतेक नुकसान हातांनी होत नाही, फिन्सने होतं. बॉयन्सी कच्ची असलेला माणूस तळाजवळ पाय मारतो, माती उठते आणि प्रवाळावर बसते. तो जीव आधीच गढूळ पाण्यात, उजेडासाठी झगडत जगतोय. तलावातल्या उजळणीत आम्ही एका जागी तरंगण्यावर एवढा वेळ का घालवतो, याचं अर्धं कारण हे आहे. माशांना ब्रेड किंवा बिस्किटं घालून फोटो काढणं आम्ही करत नाही. मासे जमतात हे खरं, पण खडकावरचं शेवाळ खायचं सोडून ते पावाची वाट बघू लागतात.

कानाचा त्रास होतो. कसारा उतरतानासुद्धा दडे बसतात.

हे उदाहरण आम्हाला फार उपयोगी पडतं. कसारा घाटात आपण तीनेकशे मीटर उतरतो आणि हवेचा दाब साधारण ०.०३५ बारने वाढतो. पाण्यात तेवढा दाब वाढायला किती खोल जावं लागतं? फक्त ३५ सेंटिमीटर. म्हणजे डोकं पाण्याखाली गेलं न गेलं तोच एक अख्खा कसारा घाट उतरून झालेला असतो.

म्हणून कान दुखायच्या आधीच मोकळे करायला लागा. बोटीवरून उडी मारण्यापूर्वी एकदा, मग पहिल्या दोन मीटरमध्ये दर हातभर अंतराला. दुखलं तर थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरू नका. तिचा असर पाण्याखालीच संपला तर वर येताना हवा अडकते आणि ते फार वेदनादायक असतं.

शनिवारी सकाळी मिसळ चालेल का?

नाही हो. तर्री पोटात घेऊन डोलत्या बोटीत बसणं आणि मग रेग्युलेटर तोंडात धरणं, हे कुणालाच सोसत नाही. पहाटे पोहे, उपमा, केळं असं हलकं खा. पाणी भरपूर प्या. शुक्रवारी रात्री दारू नको, शनिवारी परत आल्यावरही नको. दुपारचं जेवण मात्र पोटभर, सोलकढीसकट.

बोट लागते.

गोळी आधी घरी एकदा घेऊन बघा. उलटीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि ती कुणाला किती येते हे समुद्रावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. बोटीत क्षितिजाकडे बघत बसा, मोबाइलकडे नाही.

बीपी, मधुमेह, दमा असेल तर?

नोंदणीच्या वेळी आंतरराष्ट्रीय पद्धतीची डायव्हर वैद्यकीय प्रश्नावली भरायची असते. ज्या उत्तरांपुढे डॉक्टरांची गरज दाखवली आहे, त्यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. पंचेचाळिशी ओलांडली असेल तर काही प्रश्न जास्तीचे आहेत. गरोदरपणी डाइव्ह नाही. पाळीच्या दिवसांत स्वतःला बरं वाटत असेल तर हरकत नाही. कृपया खोटं लिहू नका. दमा लपवून येणारे भेटले आहेत, आणि तो लपवण्यामागे बहुतेक वेळा सफर बुडेल एवढीच भीती असते. आम्हाला आधी सांगितलंत तर डॉक्टरांकडे जायला वेळ मिळतो.

सामान कुठलं आणायचं?

स्वतःचा मास्क असेल तर जरूर आणा. बाकी बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर, फिन्स, वेटसूट, वजनं, सिलिंडर सफरीत धरलेले आहेत. पाणी उबदार असतं, पातळ वेटसूट पुरतो. प्रत्येकाकडे डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं यंत्र) हवाच. नसेल तर आम्ही देतो. स्वतःचा आणलात तर मालवणात पोहोचल्यावर सुरू करून बघा, तो समुद्रसपाटीच्या सेटिंगवर आहे ना. जुन्या काही मॉडेल्समध्ये उंची हाताने बदलावी लागते. खडकांवर जाळ्यांचे तुकडे अडकलेले असतात म्हणून गाइडकडे चाकू असतो. तुम्ही आणू नका.

शनिवारी दुपारी निघालो तर रविवार घरी मिळेल. का नाही सोडत?

कारण घर ६०० मीटर उंचीवर आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः हे केलंय. दोन चांगल्या डाइव्ह झाल्या, दुपारी जेवलो आणि घाट चढून कोल्हापूरमार्गे निघालो. सातारा मागे पडल्यावर डावं कोपर ठणकायला लागलं. सिलिंडर उचलताना लचकलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. नाशिकला डॉक्टरांनी विचारलं, काही जड उचललं होतं का? हो म्हणालो. समुद्रात होतो हे मी सांगितलंच नाही, त्यामुळे त्यांना कळायला मार्गच नव्हता. चार दिवस हात खांद्यापर्यंत दुखत होता. पुढे एका जाणत्या माणसापाशी सगळं क्रमाने सांगितलं तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, “पाण्यातून बाहेर आल्यावर किती तासांनी घाट चढलास?” पाच. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आमच्या कुठल्याही सफरीतून शनिवारी कुणी वर चढलेलं नाही.

पाण्याखाली वाढत्या दाबाने नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू, श्वासावाटे, कित्येक तास बाहेर पडत असतो. कॉम्प्युटर आणि तक्ते जी मुदत देतात ती समुद्रसपाटीचा दाब धरून. आपण मध्येच घाट चढलो की बाहेरचा दाब आणखी उतरतो आणि जो वायू विरघळलेला राहिला असता, तो बुडबुडे धरू शकतो.

पण ६०० मीटरने दाब सातच टक्के कमी होतो. एवढ्याने काय बिघडतं?

चांगला प्रश्न आहे, आणि एका अभियंता मित्राने तो आम्हाला कागदावर आकडे मांडून विचारला होता. डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हर-सुरक्षेच्या संस्थेची विमानप्रवासाबद्दलची शिफारस अशी आहे: विनाथांबा मर्यादेतली (वर येताना सक्तीचे थांबे लागत नाहीत अशी) एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, आणि डीकम्प्रेशन थांबे घ्यावे लागले असतील तर त्याहून बरंच जास्त. ही शिफारस सुमारे ६०० ते २,४०० मीटर एवढ्या उंचीच्या दाबासाठी आहे. नाशिक बरोबर तिच्या उंबरठ्यावर बसतं.

उंबरठ्यावर आहे म्हणजे अलीकडचं, असा अर्थ आपल्या सोयीने लावता येतो. आम्ही पलीकडचं धरतो. कारण रस्ता नाशिकाइतकाच उंच राहत नाही. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, सातारा सातशेच्या वर, आणि मधले घाटमाथे त्याहून चढे. त्यात दहा तास एका जागी बसणं आणि ‘थांबायला नको’ म्हणून पाणी न पिणं. सातच टक्के हे कागदावर खरं आहे. माझ्या कोपराने ते मानलं नाही.

मग रविवारी कुठल्या रस्त्याने येता?

मुंबई-गोवा महामार्गाने. कणकवली, चिपळूण, पनवेल असा येतो. या रस्त्यावरचे चढ-उतार कोल्हापूर-साताऱ्याच्या मानाने बेताचे आहेत आणि कशेडीत आता बोगदाही आहे. खरा चढ एकच, कसारा, आणि तो सर्वांत शेवटी येतो. तोवर पाण्यातून बाहेर पडून तीस तास उलटलेले असतात. खड्डे आणि वाहतूक यांवरून कुरकुर होते, ती आम्ही ऐकून घेतो. पण रस्ता बदलत नाही.

चिपी विमानतळावरून किंवा गोव्याहून विमानाने परतणार असाल तर १८ तासांचा नियम तुम्हालाही आहे. केबिनमधला दाब २,४०० मीटर उंचीवर असतो इतका कमी असू शकतो.

सोमवारी सप्तशृंगीला जायचा नवस आहे. किंवा अंजनेरी, हरिहरचा ट्रेक.

सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबा असं आम्ही सुचवतो, मंगळवार उत्तम. सप्तशृंगी गड आणि अंजनेरी हे बाराशे मीटरच्या पुढचे आहेत, साल्हेर तर १,५६७ मीटर. बरोबरीने जोराचे श्रमही असतात. देवीला एक दिवस उशिरा गेलं तरी ती रागवत नाही.

घरची मंडळी डाइव्ह करत नाहीत. त्यांना आणू का?

जरूर. आपण पाण्यात असताना ती सिंधुदुर्ग किल्ला पाहून येतात. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आहेत. आमच्या डाइव्ह बोटीवर मात्र फक्त डायव्हर. जागा कमी असते आणि लक्ष विभागतं.

हवामान बिघडलं तर पैसे?

तांडेलाने नकार दिला तर डाइव्हचे सगळे पैसे परत, किंवा पुढची तारीख. राहण्या-जेवणाचा झालेला खर्च परत मिळत नाही. तुम्ही बोटीवर येऊन ‘आज नको वाटतंय’ म्हणालात तरी कारण विचारत नाही, पुढच्या तारखेला अर्ध्या रकमेत नेतो. नको वाटत असताना केवळ पैसे भरलेत म्हणून कुणी उतरू नये, यासाठी हे ठेवलंय.

विमा?

नेहमीच्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ वगळलेले असू शकतात, तुमची पॉलिसी काढून वाचा. डायव्हर्ससाठी वेगळा विमा मिळतो. दाबकक्षातल्या (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या खोलीतल्या) उपचारांचा खर्च त्यात धरला आहे ना, हे आवर्जून बघा. असा विमा नसेल तर आम्ही नेत नाही.

नाशिकला पोहोचल्यावर काही जाणवलं तर काय करू?

सांधे दुखणं, अंगावर मुंग्या किंवा बधिरपणा, त्वचेवर ठिपकेदार लाली आणि खाज, न उतरणारा थकवा, चक्कर, तोल जाणं, लघवी अडकणं. यातलं काहीही डाइव्हनंतरच्या दिवस-दोन दिवसांत झालं तर ते डाइव्हमुळे आहे असंच आधी धरा. डीकम्प्रेशनच्या या आजाराचं सर्वांत नेहमीचं पहिलं लक्षण म्हणजे माणूस ‘काही नाही, होईल बरं’ म्हणतो. मीही म्हणालो होतो.

आडवे व्हा, स्वतः गाडी चालवू नका, शुद्धीवर असाल आणि उलटी होत नसेल तर पाणी प्या. जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन शुद्ध ऑक्सिजन लावायला सांगा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी समुद्रात स्कूबा डाइव्ह करून आलोय. किती खोल, किती वेळ आणि किती वाजता बाहेर आलो, हे सांगा. हे तीन आकडे आम्ही प्रत्येकाला एका कार्डावर लिहून देतो, ते आठवडाभर पाकिटात ठेवा. दाबकक्षात न्यावं लागलं तर मुंबईचा रस्ता खाली उतरणारा आहे, पण हलवायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. नौदलाचं सागरी वैद्यकशास्त्राचं केंद्र कुलाब्याला अश्विनी रुग्णालयात आहे. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर डाइव्हर्स अलर्ट नेटवर्कचा आणीबाणीचा क्रमांकही त्याच कार्डाच्या मागे छापलेला आहे.

आणि आम्हाला फोन करा. रात्रीचे तीन वाजले असले तरी करा, उगाच झोपमोड केली असं निघालं तरी चालेल.